आयसेलिनमधली दृष्ट

अमेरिकेतल्या आयसेलिनला ऐंशीच्या दशकात आजच्यासारखी साड्या-दागिन्यांची झगमग नव्हती. वाणसामानाची एक-दोन दुकानं, तीही अर्धी रिकामी. ताजा कढीपत्ता आला की बायका एकमेकींना फोन करायच्या. शनिवारी आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात फोडणीचा वास दरवळायचा. आज सगळं मिळतं हो, पण तो जिना काही विसरता येत नाही.

त्याच जिन्यात मला पहिल्यांदा ते झालं. हातात दुधाचा गॅलन, आणि एकदम छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. वाटलं, संपलं सगळं. थोड्या वेळानं आपोआप ओसरलं. पण मग ते दुकानात झालं, लाँड्रीत झालं, हायवेवर गाडीत झालं. जिथे झालं तिथे जाणं मी सोडलं. बघता बघता माझी अमेरिका दोन खोल्यांची झाली.

नवरा इंजिनिअर. त्याला प्रत्येक गोष्टीवर उपाय हवा! त्याने मला नागपूरला माहेरी पाठवायचं ठरवलं. "तिथे राहा, बरी हो, मग बघू." तिकीटही काढलं. त्या 'मग बघू'चा अर्थ मला कळत होता. एकदा आईच्या घरी जाऊन पडले की पुन्हा एकटीनं विमानात बसायची माझी हिंमत होणार नव्हती. माझा संसार तिथेच संपणार होता.

वरच्या मजल्यावरच्या काकूंना हे कळलं. "कसलं आजारपण घेऊन बसलात! दृष्ट लागलीय पोरीला. रविवारी काढते."

रविवारी दुपारी पाट नव्हता म्हणून मला सूटकेसवर बसवलं. काकूंनी मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या ओवाळल्या आणि थेट इलेक्ट्रिक शेगडीच्या तापलेल्या कॉइलवर टाकल्या. थंडीमुळे खिडक्या बंद. धूर असा उसळला की स्मोक अलार्म कोकलायला लागला, मग सगळ्या बिल्डिंगचा. आगीचा बंब आला. हेल्मेट घातलेला एक धिप्पाड गडी आत शिरला आणि खोकून खोकून लालबुंद झाला. आम्ही सगळेच खोकत होतो. काकू मात्र हिरमुसल्या. दृष्ट असली की मिरच्यांचा ठसका लागत नाही, असं आपल्यात मानतात ना!

"अगं बाई, एवढा ठसका? म्हणजे दृष्ट नव्हतीच मुळी," त्या म्हणाल्या. "हिला डॉक्टरकडेच न्या."

तोवर सगळ्यांना बाहेर पार्किंगमध्ये काढलं होतं, आणि तिथे मला झटका आलाच होता. अँब्युलन्सनं हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरनं ईसीजी बघितला आणि म्हणाला, "हार्ट ठणठणीत आहे. हा पॅनिक अटॅक. अँग्झायटीवर इलाज असतो, सायकॉलॉजिस्टला भेटा."

"म्हणजे वेड्यांचा डॉक्टर?" नवरा गाडीत पुटपुटला.

मी खवळले. "हो, वेड्यांचा! मी जाणार. तुझं तिकीट ठेव तुझ्यापाशी."

सायकॉलॉजिस्ट पिकल्या केसांच्या बाई होत्या. पहिल्या दिवशी मी नुसती रडले. त्यांनी घाई केली नाही. झटक्यानं जीव जात नाही, शरीर उगाच घाबरतं, आणि आपण टाळत गेलो की भीती आणखी धीट होते, हे त्यांनी मला समजावलं. मग बंद गाडीत नुसतं बसायचं, नंतर पार्किंगला चक्कर, नंतर कोपऱ्यापर्यंत. झटके काही लगेच थांबले नाहीत. पण आपल्याला होतं त्याला नाव आहे, एवढं कळल्यानंही जीव भांड्यात पडला.

नवरा बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचा. तिकीट अजून तसंच होतं; त्याची तारीख जवळ आली तेव्हा बाईंनी त्यालाही आत बोलावलं. "ती इथेच राहिली तर तुम्हाला कशाची भीती वाटते?" त्यांनी विचारलं. आता हा लेक्चर देणार, असं मला वाटलं. पण त्याने घड्याळाचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला. मग माझ्याकडे वळून मराठीतच म्हणाला, "मी ऑफिसात असताना तुला काही झालं, तर इथे मी हाक कुणाला मारू गं?"

आणि तो रडायला लागला. बाईंना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी टिश्यूचा डबा त्याच्याकडे सरकवला. इतके महिने मला वाटत होतं, याला मी नकोशी झालेय. हा वेडा तर माझ्याइतकाच घाबरला होता, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ते तिकीट कॅन्सल केलं.