साक्षीत बायकोची दुरुस्ती

नेरुळच्या आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्याला कसं सांभाळलं ते सगळ्यांसमोर सांगायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी आठवडाभर आरशासमोर तालीम केली. नोकरी गेली, आठ महिने घरी बसलो, पण विश्वास तसूभरही ढळला नाही, असा एकूण मजकूर होता.

"रोज पहाटे मी गुडघे टेकून प्रार्थना करायचो," असं सांगताना माझे डोळे माझ्याच आवाजाने पाणावले.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून बायको म्हणाली, "अहो, खरं सांगा. तुम्ही दहापर्यंत पांघरूण ओढून झोपायचात. प्रार्थना मी करायचे."

सगळी मंडळी हसली, पाळक म्हणजे आमचे पास्टरसुद्धा. मग मी कबूल केलं की मी देवावर रुसलो होतो, बायबल उघडलंही नव्हतं, तरी त्याने मला सोडलं नाही. एवढं बोलून मी गुपचूप खाली बसलो.

नंतर चहाच्या वेळी कोपरखैरण्याचा एक माणूस जवळ आला. त्याचीही नोकरी नुकतीच सुटली होती.

"तुमी पण झोपूनच होता ना?" तो म्हणाला. "मला वाटायचं, देव आता माझ्याकडे बघणारच नाही. आज जरा धीर आला."

बायकोनेच त्याच्यासाठी प्रार्थना केली आणि मी आमेन म्हणालो.