'र'ची कळ

जुने टाइपरायटर जमवून ते पुन्हा चालते करायचा मला नाद आहे. परवा सातपुतेकाका आपलं मशीन बघायला घरी आले. तहसील कचेरीबाहेर बसून त्यांनी त्यावर आयुष्यभर लोकांचे अर्ज टाइप केले होते. डोळे अधू झाल्यावर ते मला देऊन टाकलं. त्याची 'र'ची कळ फार जड झाली होती. आठवडाभर खपून मी ती मोकळी केली होती.

काकांनी कागद चढवला आणि बायकोचं नाव टाइप केलं, 'शारदा'. 'र'पाशी कागदाला चक्क भोक पडलं. काकांनी ते बोटानं चाचपलं आणि ते हसले.

"अहो, ही कळ बरी झाली, पण माझ्या बोटाला कुठं ठाऊक आहे! हिला इथं नेहमी जोर लावूनच सांगावं लागायचं."

मला यंत्रातलं दुखणं तेवढं दिसलं होतं. त्या दुखण्याला कुणीतरी इतकी वर्षं न कुरकुरता सांभाळून घेतलं होतं, हे दिसलं नव्हतं. आपल्या माणसांनाही आपण असंच सांभाळून घेत असतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

काकांनी दुसरा कागद चढवला. या वेळी 'र'वर बोट क्षणभर थांबलं, आणि मग झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तितक्या हळुवारपणे त्यांनी ती कळ दाबली.