पोटातली वाट मोकळी झाली

२०१७च्या भातकापणीत माझे डोळे पिवळे झाले. मी कैनाडच्या अंगणवाडीत सेविका. "दुखणं अंगावर काढू नका, कासाच्या दवाखान्यात दाखवून या," असं गावातल्या बायकांना सांगणारी मीच. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा कावीळ उतरवणाऱ्या एकाचा पाला महिनाभर पीत राहिले. खाज अशी सुटायची की खोबरेल चोळूनही नखं थांबत नसत. आमच्या भागातल्या महालक्ष्मीला एकामागून एक नवस बोलले. गुण येईना, तशी देवीवरच रुसले. इतकी वर्षं हिच्या दारी गेले ते कशासाठी?

शेवटी कासाच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथं कळलं, पित्ताच्या नळीत कॅन्सरची गाठ आहे आणि तिनं वाट अडवली आहे. गाठ काढता येण्यासारखी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "मावशी, पोट फाडायचं नाही. स्क्रीनवर बघत बरगड्यांमधून यकृतात सुई घालू, मग बारीक नळी सोडू. तुंबलेलं पित्त पिशवीत उतरेल." हे सगळं मी जागी असताना होणार, हे ऐकून मी उठलेच. बाहेर येऊन यजमानांना म्हटलं, "घरी चला. मरायचं तर आपल्या अंगणात मरेन."

शेजारच्या बाकावरची एक बाई आमचं बोलणं ऐकून वळली. "कुठल्या बाई तुम्ही?" ती आमच्याच बाजूची, तलासरीकडची निघाली. तिची तारीख आदल्या दिवशीची होती. गाडी चुकली म्हणून आज आली होती. तिनं पदर सारून कमरेची पिशवी दाखवली. "ही बघा. हिच्यासकट शेतात नागली लावली मी यंदा. पहिले टोचतं, मग सोसतं. खाज गेली ना, की माणूस झोपतो." तेवढ्यात तिचं नाव पुकारलं आणि ती उठून गेली.

मी सही केली.

टेबलावर "श्वास धरा, सोडा" एवढंच कानावर येत होतं. नळीच्या आधी आत सोडायची बारीक तार गाठीपाशी अडली. पुन्हा घातली, पुन्हा अडली. तेव्हा मनात एवढंच आलं, आई, मी कशाच्या बदल्यात काही मागत नाही. ठेवशील तशी राहीन. आवळलेली मूठ आपोआप सुटली. थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले, "गेली!" तो त्यांचा हात होता की आणखी कुणाचा, हे मी विचारत बसत नाही.

आठवड्याभरात खाज ओसरली, डोळे निवळू लागले. पुढे आत जाळीची नळी बसवून पिशवीही काढली. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं, ते राहिलंच.

रोग गेलेला नाही, औषधं चालू आहेत. पण भूक लागते, भाकर गोड लागते, अंगणवाडीतली पोरं गळ्यात पडतात. चैत्रात दर्शनाला गेले, हात जोडले, तर मागण्यासारखं काही सुचेना. दिवस किती उरलेत ते तिला ठाऊक. ते मोजायचं काम माझ्याकडे नाही, यानंच मला फार हलकं वाटतं.