स्पॅमात गेला तो पाव्हणा येत न्हाई

चौकात कुणीतरी उतरवून टाकलेलं लिंबू मी घरी आणून त्याचं सरबत करून प्यायलेली आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून "हिला पहिल्यापासूनच असलं काहीतरी दिसत असणार" असं कुणी म्हणायला नको. लिंबू चांगलं रसाळ होतं. मला काही झालं नाही. आमचे मिस्टर ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, त्यामुळे घरात असल्या विषयांना तसाही थारा नाही. तरीही हा अनुभव लिहितेय, कारण मनात ठेवून ठेवून आता मला त्याचा त्रास व्हायला लागलाय...

आम्ही केडगावात राहतो. नगरच्या पुणे रोडवरचं केडगाव. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच येतं. घरातल्याच एका खोलीतून मी छोट्या धंदेवाल्यांना वेबसाईट करून देते आणि वेबसाईटच्या नावाचे ईमेलही लावून देते. भंडारदऱ्याच्या पार्वताबाई माझ्या अशाच एक ग्राहक. धरणाच्या अलीकडे त्यांचा होमस्टे आहे. चार खोल्या, पुढे अंगण, चुलीवरचं जेवण. मुलगा दिगंबर जीपमधून पर्यटकांना फिरवतो. सून मनीषा शिकलेली आहे, बुकिंगचा मेल ती सांभाळते.

एक दिवस मनीषाचा फोन आला.

"ताई, मेलमध्ये नुसता कचरा येतोय हो. परदेशातली लॉटरी, घड्याळं, आणि... औषधं."

"कसली औषधं?"

मागून पार्वताबाईंचा आवाज आला, "सांग की तेन्ला! गड्यांची औषधं हायत म्हनावं. आमाला कशापायी धाडत्यात? ह्यांना जाऊन धा वर्सं झाली!"

मी हसू दाबलं आणि स्पॅम फिल्टर लावायला बसले. यात काही जादू नसते. आलेल्या प्रत्येक मेलला फिल्टर गुण देतो. परीक्षेसारखेच, फक्त इथे जास्त गुण मिळाले की नापास. नापास झालेला मेल इनबॉक्समध्ये न येता स्पॅमच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. सुरुवातीला काही दिवस आपण त्याला शिकवायचं असतं, हा कचरा आहे, हा नाही. पार्वताबाईंना मी फोनवर सांगितलं, "मावशी, पिठाची चाळण असते ना, तसं आहे बघा. कोंडा वर राहतो, पीठ खाली पडतं."

"हां, म्हंजे चाळण. मग चाळण म्हना की! फिल्टर फिल्टर काय लावलंय."

औषधं बंद झाली. मी खूश, त्याही खूश.

थोड्या दिवसांनी मनीषा म्हणाली, नाशिकच्या एका जोडप्याचा बुकिंगचा मेल चुकून स्पॅममध्ये गेला होता. होतं असं. मी म्हटलं, "बाहेर काढ, 'हा स्पॅम नाही' असं दाब, शिकेल तो." तिनं तसं केलं, बुकिंग पक्कं केलं, स्वयंपाक केला. जोडपं आलंच नाही.

मग पुण्याच्या एका ऑफिसातल्या मंडळींचा मेल आला. सभ्य, स्वच्छ, शुद्धलेखनासकट. तोही स्पॅममध्ये! मनीषानं तो बाहेर काढला. ही मंडळी तर गाडी करून निघालीसुद्धा. पण त्यांच्या ड्रायव्हरनं मॅपवर भंडारदऱ्याऐवजी भंडारा टाकलं होतं, आणि मागचे सगळे गाण्याच्या भेंड्या खेळत होते. जालना ओलांडल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की डोंगर कुठेच दिसत नाहीत.

त्यानंतर मुंबईचे एक डॉक्टर. त्यांचाही मेल स्पॅममध्ये. नवरा-बायको घोटीपर्यंत आले, तिथे चहाला थांबले, भांडले, बाई एसटीनं परत गेल्या आणि डॉक्टर गाडी घेऊन त्यांच्या मागोमाग.

उलट एकाचा मेल असा आला होता की मी फिल्टर असते तर त्याला दारातूनच हाकललं असतं. सगळी अक्षरं मोठी, चार ठिकाणी 'फ्री', आणि शेवटी उद्गारचिन्हांची माळ. तो मात्र थेट इनबॉक्समध्ये. तो माणूस आला, चार दिवस राहिला, आणि जाताना पार्वताबाईंच्या पाया पडून गेला.

मी म्हणत होते योगायोग. पार्वताबाईंनी मात्र योगायोगावर सोडलं नाही. मनीषा मेल उघडून बसली की त्या चुलीपासून विचारायच्या, "कुटं पडलाय?" मनीषा म्हणायची, "स्पॅममध्ये." "मग तांदूळ निवडू नगं."

बरं, हे घरापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण शेजारच्या कोंडाजीबाबांनी ऐकलं आणि आपल्या ठाण्याच्या जावयाला 'आम्ही दिवाळीला येत आहोत' एवढाच मेल पार्वताबाईंच्या पत्त्यावर टाकायला लावला. का, तर तो खरंच येणार की नाही ते बघायला! मेल स्पॅममध्ये गेला. जावई आला नाही. त्यानंतर म्हणे बाबांनी पार्वताबाईंच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. मनीषानं त्याचा फोटो पाठवला होता. कीबोर्डच्या एंटरवर तांदूळ.

मला हसू येत होतं, पण मे महिना सरत आला आणि हसू थांबलं. त्या भागात काजव्यांचे दिवस म्हणजे वर्षाची कमाई. झाडंच्या झाडं लुकलुकतात आणि माणसांची रीघ लागते. मनीषाचा फोन आला तेव्हा ती रडायच्या बेतात होती. तिला सातवा सरून आठवा लागला होता.

"ताई, आई अर्ध्या लोकांना नाही म्हणतायत. स्पॅममध्ये मेल दिसला की खोली देतच नाहीत. हे चिडलेत, घरात रोज वाद. तुम्ही लावलंय ना ते, तुम्हीच काहीतरी करा."

हे मला लागलं. माझ्या हातानं लावलेली वस्तू एका घराचा हंगाम बुडवत होती. मी सगळं पुन्हा तपासलं. आणि इथे मला पहिल्यांदा जरा कसंतरी झालं. कारण स्पॅममध्ये पडलेल्या त्या बुकिंगच्या मेलना फिल्टरनं गुण दिले होते शून्य. म्हणजे पास! सर्व्हरची नोंद सांगत होती की मेल इनबॉक्समध्ये पोचवला. आणि मेल पडलेला स्पॅममध्ये. ज्यांच्या सर्व्हरवर हे मेल येतात त्या हॉस्टिंग कंपनीला मी विचारलं. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, ब्राउझरची हिस्टरी क्लिअर करून बघा." बघितली. काही फरक नाही.

मग मी ठरवलं, पार्वताबाईंना दाखवूनच द्यायचं. स्वतःच्या नावानं बुकिंगचा मेल टाकला, 'शनिवारी आम्ही दोघं येतोय'. जायचा विचार अजिबात नव्हता. मेल इनबॉक्समध्ये गेला की "बघा मावशी, मी न येताही इनबॉक्समध्ये" असं म्हणायचं, एवढाच बेत.

मेल स्पॅममध्ये गेला.

मी माझा पत्ता 'यांचा मेल कधीही अडवू नये' या यादीत टाकला. पुन्हा पाठवला. स्पॅम. फिल्टरच बंद करून पाठवला. तरी स्पॅम! मी खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारली. मी लावलेला फिल्टर, आणि तो मलाच कोंडा म्हणतो?

पार्वताबाईंना फोन केला. "मावशी, शनिवारी मी येणार. येऊन दाखवणार. मग तरी लोकांना खोल्या द्याल ना?"

"या की ताई. आलात तर लई बरं हुईल." त्या 'तर'वर त्यांनी जो जोर दिला, तो अजून माझ्या कानात आहे.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मिस्टर म्हणाले, "म्हणजे तू एका सॉफ्टवेअरला खोटं पाडायला अख्खा जिल्हा ओलांडतेयस." मी म्हटलं, "गाडी नीट चालवा." मॅपवर मी स्वतः भंडारदरा टाकलं आणि तीनदा वाचलं. संगमनेरला पोचल्यावर पार्वताबाईंना फोन केला, "संगमनेर!" त्या म्हणाल्या, "हां." अकोल्यातून केला, "अकोले आलं!" "या, या." आवाजात जराही काळजी नाही. राजूरला फोन लागला नाही. मी बाजारात उतरून पेढे घेतले, म्हटलं जिंकल्याबद्दल मावशींचंच तोंड गोड करू. आता राहिलं होतं किती, चहा गार व्हायच्या आत पोचू एवढं अंतर.

रंधा धबधब्याच्या अलीकडच्या वळणावर एक जीप बॉनेट उघडून उभी होती. दिगंबर रस्त्यात उभा राहून दोन्ही हात हलवत होता. मागच्या सीटवर मनीषा आडवी, चेहरा सुजलेला, ओठ पांढरे. पार्वताबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या.

"सकाळधरनं डोकं दुखतंय म्हनत हुती," त्या म्हणाल्या, "आता कळा सुरू झाल्यात. अजून दीस भरलं न्हाईत ओ... आन् ही जीप उकळली. फोनला रेंज न्हाई."

कुणी काही ठरवलं नाही. मिस्टरांनी गाडी तिथेच वळवली. आम्ही मनीषाला उचलून आमच्या गाडीत आणलं. मिस्टर, जे चाळीसच्या वर कधी जात नाहीत आणि वळणावर मला 'हॉर्न ऐकू आला का' विचारतात, ते त्या रस्त्यावर असे सुटले की मी डोळे मिटून घेतले. राजूरच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, थांबू नका, तसेच संगमनेरला न्या, मी फोन करून ठेवतो.

अकोल्याच्या पुढे कुठेतरी मनीषा जरा शांत झाली. आणि पार्वताबाई हळूच म्हणाल्या,

"ताई... तुमी आला न्हाईतच की."

मनीषानं डोळे न उघडता, दातावर दात दाबून म्हटलं, "आई, निदान आता तरी त्या स्पॅमचं नाव काढू नका हो!"

संगमनेरच्या दवाखान्यात संध्याकाळी मुलगी झाली. एवढीशी. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वेळेत आणलंत. अजून उशीर झाला असता तर आईचं अवघड होतं." दिगंबर भिंतीला टेकून मुलासारखा रडला. मी पेढ्यांचा पुडा शोधायला लागले, तर तो रिकामा. काळजीनं मिस्टरांनी एकेक करत सगळे संपवले होते, आणि त्यांना ते आठवतही नव्हतं.

रविवारी आम्ही तिथूनच परत फिरलो. म्हणजे त्या वेळी मी भंडारदऱ्याला पोचले नाही ते नाहीच. लोणीला मिस्टरांनी पेट्रोल भरलं. मग म्हणाले, "योगायोग आहे." थोड्या वेळानं, "स्टॅटिस्टिकली असं होऊ शकतं." आणि राहुरी आल्यावर, "तू त्या फिल्टरला नक्की काय शिकवलं होतंस?"

त्या पावसाळ्यात हॉस्टिंग कंपनीनं सर्व्हर बदलला. जुन्या सेटिंग पुसल्या गेल्या, मी नवा फिल्टर लावला. तो इतर फिल्टरांसारखाच आहे, म्हणजे लॉटरी इनबॉक्समध्ये टाकतो आणि वीजबिल स्पॅममध्ये. खोल्या आता सगळ्यांना मिळतात. काही येतात, काही येत नाहीत. कोंडाजीबाबा म्हणतात, नवी चाळण मुकी आहे.

जुन्या सर्व्हरच्या नोंदी मी उतरवून ठेवल्यात. या विषयातल्या दोघातिघांना दाखवल्या. शून्य गुण, इनबॉक्समध्ये पोचवला, तरी मेल स्पॅममध्ये — हे कसं, ते कुणालाच सांगता आलेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला कळलं तर मला जरूर सांगा. पण मला खरं खातंय ते वेगळंच. माझा मेल नीट इनबॉक्समध्ये गेला असता, तर मी केडगावातून हललेच नसते. तो स्पॅममध्ये गेला म्हणूनच तर मी इरेला पेटून त्या दिवशी त्या रस्त्यावर होते! मग ते मशीन मला 'तू पोचणार नाहीस' म्हणत होतं, की 'ये लवकर' म्हणत होतं?

दिवाळीनंतर आम्ही दोघं भंडारदऱ्याला जाऊन आलो. मेल केला नाही, सरळ फोन केला आणि पोचलो. पार्वताबाई अंगणात पाय पसरून नातीला तेल लावत होत्या. मी त्यांना हा प्रश्न विचारला. म्हटलं, "मावशी, तुम्हीच सांगा. त्या दिवशी चाळण खरी ठरली की खोटी?"

त्यांनी पोरीला पालथं केलं, पाठीवर तेल ओतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"ताई, ते ऱ्हाऊ द्या. जरा हिची मान धरा."