नभवीराच्या आतला अशोक

अशोक गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाचा सातबारा काढत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच त्याची मुलगी कोमल म्हणाली. कारंज्याहून नागपूरला नेताना, रस्त्यातच... हृदय बंद पडलं. खरं सांगतो, मला रडू नंतर आलं, आधी भीती वाटली. अशोकची एक गोष्ट माझ्याकडे होती, त्याच्या मायचीही एक होती, आणि वीस-पंचवीस वर्षं मी त्या दोघांना एकमेकांच्या कळू दिल्या नव्हत्या. चारच दिवसांपूर्वी हायवेवरच्या त्याच्या पंक्चरच्या दुकानात आम्ही चहा घेतला होता. ट्रकच्या ट्यूबला ठिगळ लावता लावता तो म्हणाला होता, "माय गेल्यावर सांगीन बावा साऱ्यायले. ते हाय तोवर नाई." आता ब्याऐंशीची माय मागे राहिली आणि हाच पुढे निघून गेला.

अशोकचे वडील लाइनमन होते. तारेचं काम करताना खांबावरून पडले आणि जागीच गेले. अशोक तेव्हा अकरा वर्षांचा होता, मी त्याच्याच वर्गात. तिसऱ्या दिवशी मायनं त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "जमिनीवर राह्यजो. खांब नाई, झाड नाई, गच्चीचा कठडा नाई," असं तिनं त्याच्याकडून वदवून घेतलं. खरं तर हा पोरगा जन्माचा चढणारा. गावाभोवतालच्या आमराईत त्याचे पाय न लागलेलं झाड नव्हतं. पण मायच्या डोळ्यांदेखत त्यानं पुन्हा कधी साधी शिडीसुद्धा धरली नाही. पुढे ट्रकवर क्लीनर म्हणून मुंबईला गेला आणि तिथंच राहिला. कापडाच्या गोदामात हमाली करतो, असं घरी कळवलं. करत होता ते वेगळंच. हिंदी मालिकांचं शूटिंग चाले तिथं सामान उचलता उचलता त्याला बांबूच्या परांचीवर सरसर चढताना एका स्टंट मास्तरनं पाहिलं, आणि नभवीर नावाच्या सुपरहिरोची जी मालिका दर रविवारी लागायची, तिच्यात तो उडू लागला. हसणारा, बोलणारा, पोरांना चांगल्या सवयी सांगणारा नभवीर दुसराच नट होता. दहाव्या मजल्यावरून उडी घेणारा, तारेला लटकून आकाशातून जाणारा, आगीतून निघणारा निळा मुखवटेवाला मात्र आमचा अशोक. बाहेर कुणाला सांगायचं नाही अशी तिथली अट होती. त्यानं माझ्या दुकानातल्या एसटीडी बूथवर फोन करून फक्त मला सांगितलं. "निळ्या कपड्यात उडते ना, तो मी हाय. मायची शपथ मोडली रे मी... कोणाले सांगजो नको."

तेव्हापासून माझे रविवार खराब झाले. दुपारी बाराच्या ठोक्याला मायच्या घरी गल्लीतले सगळे पोट्टे गोळा व्हायचे. टीव्ही अशोकच्याच मनिऑर्डरीतून घेतलेला. माय सर्वांत पुढे, मांडीवर सूप, सुपात डाळ. मी दाराशी. पोरं नभवीर बघायची, मी ती न दिसणारी तार बघायचो. त्यानं उडी घेतली की माय पुटपुटायची, "जपून रे बाप्पा, जपून." एकदा तिनं मान न वळवता मला विचारलं, "काऊन रे, याची माय पाहत असन का हे?" मी म्हटलं, पाहत असेल. "मंग कशी पाहत असन?"

मग एका बुधवारी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "तारेचा पट्टा सुटला गड्या. कमरेत लागलं, दवाखान्यात हाय. मायले काही बोलू नको. आन आयक... मी पडलो तोच शॉट ह्या रविवारी दाखवून राह्यले. खरा वाटते मनते मास्तर. तिले टीव्ही लावू देऊ नको." चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. रविवारी साडेअकराला माय नळावर गेल्याचं बघून मी तिच्या ओसरीत शिरलो, बोर्डावरचा चिनी मातीचा फ्यूज उपसला आणि खिशात टाकला. आमच्याकडे लाईट जाणं म्हणजे रोजचंच, कोण संशय घेणार? माय आली, पोट्टे जमले, बटण दाबून झालं. तिनं शेजारच्या घरात फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, मग बोर्डाकडे. आत गेली आणि नवऱ्याची जुनी पेटी घेऊन आली. पेटीत पक्कड होती, तारेचं वेटोळं होतं, जादा फ्यूजही होता. लाइनमनच्या घरचा फ्यूज काढायला निघालेला शहाणा मीच! दोन मिनिटांत तिनं तार ओढून बसवली. "बारा वाजले, बसा रे," म्हणाली.

अर्धा तास मी दाराची चौकट घट्ट धरून उभा होतो. शेवटी तो इमारतीच्या कडेवर आला. सुपातला मायचा हात थांबला. त्यानं झेप घेतली, आणि मधेच त्याचं अंग भलतीकडे फिरलं. हात-पाय झाडत गेला तो, नभवीरासारखा नाही, पडणाऱ्या माणसासारखा. लगेच चित्र बदललं आणि हसऱ्या चेहऱ्याचा नट कपडे झटकत उभा राहिला. पोरांनी टाळ्या पिटल्या. मायनं टीव्ही बंद केला, पोरांना घालवलं, दार लोटलं आणि मला विचारलं, "उठला का?"

"कोण, माय?"

"उठला तो दुसरा होता. आपला उठला का? खरं सांग."

माझा बांधच फुटला. वाचला आहे, दवाखान्यात आहे, म्हटलं. ती होती तिथंच भिंतीला टेकून बसली. रडली नाही. "चढाच्या आधी तळपाय पोटरीले घासते तो. त्याचा बापही तसाच घासे. पयल्याच महिन्यात वयखलं मी," म्हणाली. म्हणजे ओळखूनसुद्धा तेवढे सगळे रविवार तिनं हे बघितलं होतं! मग तिनं माझं मनगट धरलं. "मले मालूम हाय मनून त्याले सांगजो नको. भेत भेत चढला तं पडते माणूस."

अशोक लंगडत परत आला. "गोदामात गठाण पडली अंगावर," म्हणाला. माय त्याच्या कमरेला तेल चोळत म्हणाली, "लय जड असतात ना रे गठाणी?" मी शेजारी बसून चहा पीत होतो, दोघांचं खोटं ऐकत होतो. त्यानं पंक्चरचं दुकान टाकलं, लग्न केलं, कोमल झाली. आता तो कशावरच चढत नव्हता, म्हणजे ते गुपित राखायचं कारणही उरलं नव्हतं. तरी मी तोंड उघडलं नाही. मायला दिलेला शब्द म्हणून नव्हे, भित्रा होतो म्हणून. मायला फसवलं, हेच मनात घेऊन अशोक गेला. हे ओझं माझं आहे आणि ते मी इथं कबूल करतो.

अशोकच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, पंगती उठल्या, माणसं पांगली. मी कोमलला सगळं सांगितलं, मायच्या समोरच. माय फक्त मान हलवत राहिली. कोमलनं बराच वेळ मोबाइलवर शोधाशोध केली. कुणीतरी टाकलेला एक जुना, अंधुक भाग सापडला. तिनं तो आजीच्या हातात दिला. मायनं मोबाइल डोळ्यांशी नेला. निळा माणूस इमारतीच्या कडेवर आला, त्यानं हात पसरले, झेप घेतली... आणि मायचं बोट पडद्यावर टेकलं. चित्र जागीच थांबलं.

"आजी, पुढं लावू का?"

"नको बाई. खाली आल्यावर काय होते, मालूम हाय आपल्याले. राहू दे त्याले वरच."

कोमल आता आर्वीला कॉलेजला जाताना तेच थांबलेलं चित्र लावून मोबाइल आजीपाशी ठेवून जाते.