चौकोनांची पुस्तिका

घरात त्याला सगळे संगणकदादा म्हणत. नोकरी सांभाळून त्याने पीडीएफ बनवणारी एक मोफत लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येणारा तयार कोड, लिहिली होती. तिचा कोड कुणीही वापरावा, सुधारावा असा खुला. लोक वाहवा करत आणि दादाचे पाय जमिनीवर ठरत नसत. तक्रार मात्र एकच, पुन्हा पुन्हा यायची: "फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. फॉन्ट फाइलमध्येच घालायची सोय करा." एका अनोळखी बाईने तर तसा कोड लिहूनही पाठवला. दादाने तो न वाचताच नाकारला. "फॉन्ट ज्याने त्याने आपल्या यंत्रावर ठेवावा," एवढंच उत्तर.

मग मावशीचे यजमान गेले. शाळेत शिकवताना त्यांनी मुलांसाठी रचलेल्या गोष्टी मावशीने गोळा केल्या आणि दादाने त्याच लायब्ररीतून पुस्तिका बनवून छापखान्यात पाठवली.

छापखानेवाल्याचा फोन आला. "साहेब, मधल्या पानांवर नुसते चौकोन दिसतायत."

"तुमच्या स्क्रीनवर दिसत असतील. कागदावर बरोबर येईल. छापा बिनधास्त." दुसऱ्या यंत्रावर फाइल उघडून बघायची तसदी दादाने घेतली नाही.

शोकसभेत मावशी पुस्तिका घेऊन वाचायला उभी राहिली. पान उलटलं, आणखी एक उलटलं. ओळीच्या ओळी चौकोन. "चष्मा विसरले वाटतं," म्हणत ती खाली बसली. चष्मा डोळ्यांवरच होता.

मामा भडकला. "छापखानेवाल्याने वाट लावली!" मावशीने तिथूनच फोन लावून त्या माणसाला फैलावर घेतलं. दादा शेजारीच बसला होता. फक्त तोंड उघडायचं होतं. तेवढंही त्याच्याने झालं नाही.

घरी येऊन त्याने त्या बाईचा कोड काढला. लागतील तेवढीच अक्षरं फॉन्टमधून उचलून फाइलच्या पोटात ठेवणारा, स्वच्छ, नेटका कोड. वाचताना दादाचे कान तापले. त्याने तिला लिहून माफी मागितली. "उशीर केलात. पण करू या," एवढंच ती म्हणाली. जोडाक्षरं तेवढी विस्कटत होती. ती दोघांनी मिळून ताळ्यावर आणली. नवी आवृत्ती तिचं श्रेय सांगून बाहेर पडली, तरी अभिनंदन दादाचंच झालं. प्रत्येक शाबासकी त्याला टोचत होती.

शेवटी तो मावशीकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी त्या बिचाऱ्याला नाही नाही ते बोलले, आणि तू शेजारी बसून ऐकत होतास?"

"हो."

मावशी उठली. मग म्हणाली, "चप्पल घाल. चल माझ्याबरोबर."

छापखान्यात शिरताच तिने माफी मागितली. "अहो, तुमची कसली चूक?" छापखानेवाला ओशाळून म्हणाला. मग त्याने दादाकडे पाहिलं.

"मी... फोनवर तुम्ही सांगितलं होतंत..." दादा पुटपुटला.

"नवी फाइल आणलीत?"

यंत्र सुरू झालं. पहिलं पान बाहेर आलं, सगळी अक्षरं जागच्या जागी. छापखानेवाल्याने ते उजेडात धरून नीट पाहिलं आणि मावशीच्या हातात दिलं.

"पुढच्या वेळी मी काही म्हणालो ना साहेब," तो शांतपणे म्हणाला, "तर एकदा उघडून बघत जा."

दादाने मान हलवली. वर बघायची त्याची हिंमत झाली नाही.