पोटरी आणि नवा जिल्हा

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या बदलल्या, कलेक्टर आले. पाणी मात्र आलं नाही. नव्या जिल्ह्याला पळणाऱ्यांचा स्वतःचा संघ हवा होता आणि त्यात मी असणार, याबद्दल निदान माझी तरी खात्री होती.

निवड चाचणी जवळ आली होती. दुष्काळानं दगड झालेल्या मैदानावर मी जोर लावला आणि उजव्या पोटरीवर मागून कुणीतरी धोंडा हाणला. वळून सणसणीत शिवी हासडली. मागं फक्त एक म्हैस होती. पुढचं पाऊल टाकलं आणि खालीच बसलो.

घरी मामानं बाह्या सावरल्या. गरम तेल लावून पोटरी अशी रगडली की शेजारीपाजारी गोळा झाले. सकाळी पाय सुजून काळानिळा.

डॉक्टरांनी विचारलं, "कुणी चोळलं?"

"मामानं."

"मामाला पोलिसात भरती करा. गुन्हेगार पटापट कबुली देतील. स्नायू फाटलाय. चोळायचं नाही, शेकायचं नाही. पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा, बर्फ लावा."

बर्फाचा कारखाना पाण्याअभावी बंद होता. मग आई माठातल्या पाण्यात फडकं भिजवून पोटरीवर ठेवायची.

"प्यायला पाणी न्हाई, आन् ह्याच्या पोटरीला आंघोळ!" म्हणायची आणि पिळलेलं पाणी लिंबाच्या झाडाला घालायची.

चाचणी माझ्याशिवाय झाली. त्या दिवशी मी तोंडावर चादर ओढून पडलो होतो. वडिलांनी ती ओढून काढली आणि मला किराणा दुकानात बसवलं, पाय तुरीच्या पोत्यावर. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मीठ-मिरचीबरोबर एक औषध सांगून जाई.

दुखणं ओसरल्यावर डॉक्टरांनी टाचा उचलायला सांगितल्या. दुकानाच्या पायरीवर उभा राहून मी वर-खाली होऊ लागलो. समोर शिवणकामाचा क्लास होता.

कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले वडील गल्ल्यावरून गरजले, "कुणाला बघायलास रे?"

"पोटरी बरी करायलोय."

"मग तोंड दुकानाकडं कर!"

तेव्हापासून साखरेच्या पोत्यांकडं बघत टाचा उचलल्या. आधी दोन्ही पायांवर, मग एकट्या उजव्यावर. मग चालणं, मग हळू पळणं. घाई केली की पोटरी चावायची. मी मुकाट थांबायचो.

पुढच्या हंगामात नांदेडच्या स्पर्धेत पळालो. वडील आले होते, पण शर्यतीच्या वेळी झाडाखाली घोरत होते. उठवल्यावर म्हणाले, "जिंकलास?"

"न्हाई. मधेच कुठंतरी आलो."

"आन् पाय?"

"ठणठणीत हाय."

त्यांनी खाली वाकून, भर मैदानात, माझी पोटरी दाबून बघितली. मग धोतर झटकत म्हणाले, "चल, लई भूक लागली."